डावा सांगितलेला कौल

एजन्सीत फोन केला की तिथला माणूस एकच शब्द बोलतो, "येतोय." सोमवारी येतोय, मंगळवारी येतोय, बुधवारीसुद्धा येतोयच. गुरुवारी मी त्याला म्हटलं, "दादा, तुमचा सिलेंडर काय चालत निघालाय का मुंबईहून?" तर म्हणतो, "ताई, वरूनच माल नाही. आखातात लढाई चाललीय, टीव्ही बघत नाही का तुम्ही?" मी फोन ठेवून दिला. ज्या बाईचा नवरा त्याच आखातात बोटीवर अडकलाय, तिला हा विचारतोय टीव्ही बघत नाही का.

मी मृणाली. रत्नागिरीत माळनाक्याच्या मागे आमची दोन खोल्यांची जागा आहे आणि पडवीत माझी खानावळ. बसून जेवायची सोय नाही, नुसते डबे. सकाळचे बेचाळीस, संध्याकाळचे तीस. बँकेतली माणसं, कॉलेजची मुलं, हॉस्पिटलातल्या नर्स. भाकऱ्या थापायला मालन येते आणि डबे पोचवायला बाबल्याची रिक्षा. मुलगी राही दहावीत आहे. तिचे बाबा, रितेश, गॅसच्या बोटीवर पंपमन. गॅस भरताना आणि उतरवताना पंप बघायचे, हे त्यांचं काम. सतरा वर्षं बोटीवरच आहेत.

आता त्यांच्या बोटीच्या पोटात गॅस काठोकाठ भरलेला आणि बोट तीन आठवडे नांगर टाकून जागच्या जागी. बाहेर पडायची समुद्रातली वाट चिंचोळी, आणि त्या वाटेवरच मारामारी. म्हणजे बघा, माझ्या नवऱ्याच्या पायाखाली अख्ख्या जिल्ह्याला पुरेल इतका गॅस आणि माझी शेगडी थंड. हे मी त्यांना रोज फोनवर ऐकवायचे. "अहो, एक पाईप सोडा की इकडे." ते हसायचे. एखाद दिवशी हसायचे नाहीत, तरी मी बोलायचेच. "तुमच्या बोटी तिकडे उभ्या आणि इकडे आम्ही धूर खातोय." माझ्या तोंडाला आवर नाही, माहेरीसुद्धा हेच म्हणायचे.

धूर खरोखरच खात होते. पहिल्या आठवड्यात मी इंडक्शनची शेगडी आणली, पण माझी सगळी मोठी भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ती त्याच्यावर तापतच नाहीत. नवीन भांडी घ्यायची तर दोन महिन्यांची कमाई गेली. मग परसात जांभ्याचे तीन चिरे मांडले आणि चूल पेटवली. नारळाची सोडणं, झावळ्या, वखारीतली लाकडं. लाकूडवाल्यानंही भाव वाढवला. त्याला म्हटलं, तुझी लाकडं काय आखातातून येतात का? तर म्हणतो, वहिनी, टेम्पोला डिझेल लागतं. तेल महाग, कांदा महाग, डिझेल परवडत नाही म्हणून निम्म्या होड्या बंदरातच, म्हणून बांगडा महाग. डब्याचे दहा रुपये वाढवले तर बँकेतले दोघे बंद झाले आणि एका नर्सने विचारलं की ताई, नुसत्या भाजी-भाकरीचा डबा देता का. त्या पोरीचं तोंड बघून मीच तिला मासा फुकट घातला आणि दिवसभर स्वतःवर चिडचिड केली.

बाबल्याचं वेगळंच. त्याची रिक्षा सीएनजीवर. पहाटे पंपावर रांग लावायची, नऊला नंबर लागायचा, कधी लागायचाच नाही. मग बेचाळीस डबे तो मेव्हण्याच्या स्कूटरवरून तीन खेपांत न्यायचा. "वहिनी," मला म्हणाला, "दादांना सांगा, येताना माझ्यापुरता एक फुगा भरून आणा." सगळ्या माळनाक्याला माहीत होतं की ते गॅसच्या बोटीवर आहेत. भाजीवालीपासून इस्त्रीवाल्यापर्यंत जो तो मला विचारायचा, तुमच्या मिस्टरांची बोट कधी सुटणार. कोणी विचारलं नाही की ते जेवतात का, झोपतात का.

गुरुवारी दुपारी मी चुलीवरून भाताचं तपेलं उतरवत होते तर त्यांचा फोन आला. अवेळी. रोजचा त्यांचा फोन संध्याकाळचा.

"काय गो, कामात आहेस?"

"नाही, झोपाळ्यावर बसलेय. बोला."

त्यांनी सांगितलं ते असं. कॅप्टनने सगळ्यांना बोलावून एकेक कागद हातात दिला होता. बोट आता बाहेर काढणार. ज्याला बोटीबरोबर यायचंय त्याने सही करायची. ज्याला नको त्याने नको म्हणायचं, त्याला कोणी बोल लावणार नाही. लाँच येऊन किनाऱ्यावर नेईल, तिथून विमान मिळेल तसं घरी. सही करणाऱ्याला त्या दिवसांचा पगार दुप्पट.

"मग या की घरी," मी म्हटलं.

"तसं नाही गो ते."

"कसं नाही? कोणी बोल लावणार नाही म्हणतायत ना?"

ते म्हणाले, "उद्या दुपारी बारापर्यंत सांगायचंय. तू सकाळीच वाडीला आईकडे जा आणि कौल लाव. देवी सांगेल तसं करीन."

आमच्या वाडीतला एकही गडी कौल लावल्याशिवाय बोटीवर चढत नाही. पावसच्या पुढे आमचं गाव, तिथे देवीचं देऊळ. धाकू गुरव देवीच्या पाषाणाला उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा तगरीच्या दोन भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर जा, डावी पडली तर जाऊ नको. एकदा पडला तो कौल, परत विचारायचा नाही. यांच्या सतरा वर्षांत फक्त एकदा डावा आला, आठ वर्षांपूर्वी. तेव्हा चांगल्या कंपनीचं पत्र हातात असून हे गेले नाहीत. तीन महिने घरी बसले, घराचं छप्पर शाकारलं, राहीला सायकल शिकवली. मी ते विसरले नव्हते.

फोन ठेवल्यावर मला राग आला. चूल फुंकता फुंकता तो वाढतच गेला. सोळा वर्षांच्या संसारात या माणसाने मला एकदा विचारलं नाही की मृणाली, तुझं काय म्हणणं आहे, जाऊ की नको. पाषाणाला विचारतात. आणि पाषाणाचं उत्तर आणायला मात्र मी जायचं, तेसुद्धा डबे सोडून.

शुक्रवारी सकाळी मालनला सगळं नेमून दिलं. बाबल्या पावसला सोडतो म्हणाला होता, पण साडेसात वाजले तरी तो पंपाच्या रांगेतच. फोनवर म्हणाला, "वहिनी, पुढे अजून चाळीस गाड्या आहेत." मी स्टँडवर जाऊन एसटी धरली. गाडीत बसायला जागा नव्हती, ज्यांच्या मोटारसायकली पेट्रोलअभावी घरी होत्या ती सगळी माणसं गाडीत. भाट्याच्या पुलावर आल्यावर समुद्र दिसला आणि माझ्या शेजारचे एक आजोबा त्याच्याकडे हात करून म्हणाले, "ह्या बोटीवाल्यांना काय, डबल पगार घेतात नि आरामात उभे राहतात. मरतो आपण." मी एरवी त्यांना सोडलं नसतं. पण त्या दिवशी नुसती दांडी घट्ट धरून उभी राहिले.

आई फाट्यावरच नारळ घेऊन उभ्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, गंगुबाई. सत्तरी उलटली तरी बागेत काम करतात. बोलतात कमी, माझ्या अगदी उलट. "जेवलीस का काहीतरी?" एवढंच विचारलं आणि पुढे चालू लागल्या.

देवळात धाकूदादा आंघोळ करून ओल्या पंच्यानिशी तयार होते. त्यांनी पाषाण धुतला, पुसला, पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घालायला लागले. "आई, तुझा लेकरू रितेश दर्यावर आहे. पुढे वाट आहे ती जोखमीची आहे. त्या वाटेनं जावं असं असेल तर उजवा दे, जाऊ नये असं असेल तर डावा दे. लेकराला अंधारात ठेवू नको."

आई म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." मी हात जोडून उभी होते, पण मनात वेगळंच गाऱ्हाणं. डावी पाड. डावी पाड. बाकी तुझ्याकडे काही मागत नाही, महिनाभर गॅस देऊ नकोस, पण डावी पाड.

कधी कधी अर्धा अर्धा तास पाकळी हलत नाही. त्या दिवशी धाकूदादांनी हात खाली घेतला न घेतला तोच उजवी सुटली आणि पाषाणावरून घसरत पायाशी आली. डावी होती तिथेच.

"घे बाय," धाकूदादा मला म्हणाले, "मागितलंस आणि देवीनं दिलान. एवढा स्वच्छ कौल बऱ्याच दिवसांत पडला नव्हता. कळव त्याला, बिनघोर जा म्हणावं."

आई देवीच्या पायांवर डोकं टेकवून बराच वेळ तशाच राहिल्या. मला रडू आलं नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की हे आता जाणार. धाकूदादा प्रसादाचा नारळ फोडायला मागे गेले. मी बाहेर आले.

आमच्या देवळात रेंज फक्त दीपमाळेच्या चौथऱ्यावर येते. चौथऱ्यावर चढले, फोन लावला. आई माझ्या मागोमाग येऊन खाली उभ्या राहिल्या. पहिल्याच रिंगला उचलला यांनी.

"काय आला?"

आणि मी म्हटलं, "डावा."

ठरवून नाही बोलले, आणि न ठरवता बोलले असंही नाही. एसटीत दांडी धरून उभी होते तेव्हापासून तो शब्द तोंडात होता बहुतेक. मी खाली बघितलं तर आई माझ्याकडे एकटक बघत होत्या. मला वाटलं, आता ही बाई देवळाच्या दारात माझ्या थोबाडीत मारणार आणि मारायलाच हवी. त्यांनी हात वर केला, पण फोन मागण्यासाठी. मी स्पीकर लावून फोन खाली धरला.

"रितू," आई म्हणाल्या, "डावा आला रे बाबा. ये तू घरी."

या बाईने जन्मात देवीच्या नावाने खोटं बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. सोन्याची नथ हरवली तेव्हा कौल लावू म्हणाले सगळे, तर म्हणाल्या, क्षुल्लक गोष्टीला देवीला राबवायचं नाही. आणि आता हे. मी दंड धरून त्यांना चौथऱ्यावर घेतलं.

"आई," फोनमधून आवाज आला, "सही दिली मी."

"काय?"

"सकाळीच लिस्ट मागितली कॅप्टनने. बारापर्यंत थांबला नाही. मला वाटलं, देवी काय आडवी येणार नाही. दिली सही."

मी फोन माझ्या तोंडाशी घेतला. "मग परत घ्या. सांगा त्यांना, नाही जमत म्हणून."

"लाँच गेली गो. पाच जण उतरले, ते गेले. आता संध्याकाळी नांगर उचलणार."

"तुम्ही मला विचारल्याशिवाय कशी दिलीत सही?"

"तूच ना रोज म्हणायचीस," ते म्हणाले. रागाने नाही, अगदी साध्या आवाजात. "बोटी तिकडे उभ्या आणि आम्ही धूर खातोय. कोणीतरी आणायला नको का? राहीला खोकला लागलाय म्हणालीस परवा. म्हटलं, जाऊन येऊ. दुप्पट पगार आहे तर तुझी भांडी पण होतील."

माझी भांडी. इंडक्शनची भांडी. तेव्हाच मला दुसरं कळलं, की मी त्यांना थांबवलं नाहीच. ते जाणारच आहेत, आणि आता डावा कौल पदरात घेऊन जाणार आहेत. उजवा होता. स्वच्छ उजवा होता, आणि तो मी त्यांच्याकडून काढून घेतला.

"अहो, ऐका," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. उजवा आला. धाकूदादांनी हात खाली घेतल्या घेतल्या उजवी पडली. देवीची शपथ."

ते हसले. कोरडंच. "बरं."

"बरं काय? खरं सांगतेय. तुम्ही यावं म्हणून खोटं सांगितलं."

"मृणाली, धीर द्यायला सांगतेस ते कळतं मला."

"आईंना विचारा मग."

आईंनी फोन तोंडाजवळ धरला आणि त्यांचा आवाज फाटला. "उजवा होता रे बाबा. आम्ही दोघी खोटं बोललो."

"आई, मगाशी तूच डावा म्हणालीस. तू देवीच्या दारात खोटं बोलणार नाहीस, मला माहीत आहे. तुम्ही काळजी करू नका, मी लाईफ जॅकेट घालून राहीन." मागे कोणीतरी हिंदीत ओरडत होतं. "फोन जमा करतायत सगळ्यांचे. वाटेत फोन चालू ठेवायचा नाही म्हणतात. पलीकडे गेलो की करतो. राहीला सांग अभ्यास कर."

मी धाकूदादांना बोलवायला धावले. ते फोडलेल्या नारळाची अर्धी कवडी घेऊन येतच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, मध्ये काही लपवलं नाही, आणि म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतील. परत लावला तर फोन बंद. पुन्हा बंद. म्हटलं, धाकूदादा, परत एकदा पाकळ्या लावा, मी मोबाईलवर व्हिडिओ काढते, पाठवते, पलीकडे गेल्यावर नाहीतर मधेच कुठे फोन सुरू झाला तर बघतील. धाकूदादा माझ्याकडे बघून म्हणाले, "दिलेला कौल परत विचारायचा नाही, बाय. तुला माहीत आहे." आणि कवडी माझ्या हातात ठेवून देवळात गेले.

आई माझ्याबरोबर रत्नागिरीला आल्या. एकटीने वाडीत राहवणार नव्हतं त्यांना.

त्यानंतरचे तीन दिवस मी कशी वागले ते मालनला विचारा. भाजीत मीठ दोनदा घातलं. बँकेतल्या एकाचा डबा हॉस्पिटलात गेला आणि हॉस्पिटलातला बँकेत. राहीच्या मोबाईलमध्ये बोटी दाखवणारं ॲप आहे, त्यात तिच्या बाबांच्या बोटीचा हिरवा ठिपका असायचा. शुक्रवारी संध्याकाळी तो ठिपका दिसेनासा झाला. मुद्दाम बंद करतात, राही मला समजावत होती, म्हणजे कोणाला बोट कुठे आहे ते कळत नाही. बरं, म्हटलं. पाच मिनिटांनी परत तिच्या हातातून मोबाईल घेतला. टीव्हीवर कोणी ना कोणी पुढारी बोलत होता, साठा पुरेसा आहे, घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या बाजूचा म्हणत होता, सरकारचं अपयश. मी दोघांनाही शिव्या घातल्या. आईंसमोर एरवी तोंड सांभाळते, पण त्याही काही बोलल्या नाहीत.

मला सारखं एकच दिसायचं. हे अंगात जॅकेट घालून पंपाच्या खोलीत उभे आहेत आणि मनात धरून चाललेत की देवी नको म्हणाली होती. कुठे काही आवाज झाला की त्यांना वाटत असेल, हेच ते. भीती काय कमी होती, वर माझी घातली.

रविवारी दुपारी चक्क सिलेंडर आला. एजन्सीच्या माणसाने पायरीवर धाडकन आपटला आणि म्हणाला, "ताई, आला की नाही? आता एकदोन बोटी सुटणार म्हणतात, होईल सुरळीत." मी सही केली आणि सिलेंडर पडवीच्या कोपऱ्यात ढकलला. परसात जाऊन परत चुलीवर कालवण ठेवलं. मालन म्हणाली, "वहिनी, बरं वाटतंय ना? टाकी आलीय." म्हटलं, राहू दे. ती दोनदा बोलली, मग तिसऱ्यांदा आईंनीच तिला हाताने गप्प केलं.

सोमवारी सकाळी सव्वादहाला फोन वाजला तेव्हा माझे हात पिठात होते. राहीने उचलला आणि "बाबा" एवढंच म्हणून ती रडायलाच लागली. मी पिठाच्या हाताने फोन कानाला लावला.

"आलो बाहेर," ते म्हणाले. "कालच आलो, पण आत्ता दिले फोन. सगळे ठीक आहेत. दोन दिवसांत गुजरातला लागू."

मी किती वेळ काय काय बोलले आठवत नाही. शिव्यापण घातल्या असतील. आई देवापुढे जाऊन बसल्या. मी सिलेंडरचं सील फोडलं, शेगडी लावली आणि त्या दिवशी दोन्ही वेळच्या सगळ्याच्या सगळ्या डब्यांत शिरा घातला, तुपातला. बाबल्याला वाटीभर वेगळा. तो म्हणाला, "वहिनी, म्हणजे दादा फुगा घेऊन आले वाटतं." मी हसले. इतक्या दिवसांनी हसले की गाल दुखले.

आता ते गुजरातला उतरणार. सामान घेऊन तिथूनच घरी या, ट्रेन धरली की दुसऱ्या दिवशी रत्नागिरी स्टेशन, हे मी मनात पक्कं केलं. बुधवारी बोट लागली. गुरुवारी दिवसभर गॅस उतरवत होते. शुक्रवारी दुपारी डबे भरत होते तेव्हा त्यांचा फोन आला. आई समोरच कोथिंबीर निवडत होत्या.

"केव्हाची ट्रेन?" मी पहिलं हेच विचारलं.

"नाही गो. बोट परत आत जातेय, भरायला. परत कागद दिला होता. मी सही केली."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "कधी दिला कागद?"

"सकाळी."

"मग मला फोन का नाही केलात? मी लगेच गेले असते वाडीला. आई इथेच आहेत, आम्ही दोघी गेलो असतो."

"कशाला?"

"कौल लावायला."

तिथे बंदरात भोंगा वाजला, तो मला ऐकू आला. मग ते म्हणाले, "आता ते नको. डावा आला होता, तरी सुखरूप बाहेर आलो ना? तीन दिवस काय भीती काढली ती माझी मला ठाऊक. प्रत्येक तासाला वाटायचं, आईने सांगितलंय डावा, म्हणजे आता होणार. काही झालं नाही. मग विचारून करायचं काय? आता मी विचारणार नाही."

"अहो, उजवाच होता. धाकूदादांना फोन करा, ते सांगतील."

"तुम्ही तिघांनी ठरवलं असेल, ते कळतंय मला. राग नाही माझा. पगार चांगला आहे, दोनतीन फेऱ्या करतो, मग येतो. तू तोवर भांडी घे चांगली."

फोन ठेवला गेला तरी मी तो कानाला धरूनच उभी होते. शेगडीवर आमटी उकळून वर यायला लागली होती.

"येतोय कधी?" आईंनी विचारलं.

"येत नाहीत. सही केली."

"कौल न लावता?"

"नको म्हणाले. आता कधीच नको म्हणाले."

आईंनी हातातली जुडी खाली ठेवली. आठ वर्षांपूर्वी एक पाकळी डावीकडे पडली म्हणून हा माणूस तीन महिने घरी बसला होता. उद्या देवी स्वतः दारात आडवी पडली तरी तो तिला ओलांडून जाणार होता, आणि हे त्याला शिकवलं कोणी, तर आम्ही.

"आपण दोघींनी त्याची देवी घालवली गो," आई म्हणाल्या.

बाहेर बाबल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मी गॅस बारीक केला आणि उरलेले डबे भरायला घेतले.